पिगॉटच्या शेतातला चांदीचा हात

पिनर, १७ एप्रिल २००६

आशेर,

शालोम. पेसाखचा सण चालू आहे, म्हणजे तू घरी असशील आणि पाकीट फोडायला तुला सवड असेल. हे दरवर्षीचं नव्या वर्षाचं कार्ड नाही. मी आजारी नाही आणि माफीही मागत नाही. मला एक माहिती हवी आहे, आणि माझ्या ओळखीत ती फक्त तुलाच असणार, म्हणून लिहिते आहे.

दीनानाथ रिटायर झाला तेव्हा रेल्वेच्या सिग्नल खात्यातल्या दोस्तांनी त्याला मेटल डिटेक्टर दिला. म्हणजे लांब दांड्याला खाली थाळी, कानाला हेडफोन, आणि जमिनीत धातू असला की कुई करून ओरडणारं यंत्र. दोन रविवार त्याने हौसेने फिरवलं. नंतर त्याला दम लागायला लागला, म्हणून तो फोल्डिंगच्या खुर्चीवर बसून चहा ओततो आणि डिटेक्टर मी फिरवते. अक्सब्रिज की हर्टफर्डशर, कुठे जायचं ते तो नकाशा बघून ठरवतो. खणते मी. आयुष्यभर हॉस्पिटलचा वॉर्ड सांभाळलेल्या बाईला चिखलाचं काय!

परवा मिस्टर पिगॉट नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात गेलो होतो. परवानगी काढून, हे आधीच सांगते, तुला लगेच शंका येईल. मका पेरायच्या आधी त्यांनी जमीन नांगरून ठेवली होती. सकाळभर ट्रॅक्टरचे नट आणि बाटल्यांची झाकणं निघाली. मग कुंपणाच्या कडेला गोड आवाज आला. वीतभर खाली एक वस्तू होती. मी थुंकी लावून अंगठ्याने पुसली आणि तिथेच मातीत बसले.

चांदीचा हात आहे. माझ्या करंगळीएवढा. मनगटाला झालरीची बाही, तीन बोटं मिटलेली, अंगठा त्यांच्यावर टेकलेला, आणि पहिलं बोट सरळ पुढे.

आशेर, मी हे कुठे पाहिलंय ते तुला सांगायला नको. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये पप्पा सेफर तोरा, ती धर्मग्रंथाची गुंडाळी, उघडून वाचायचे, तेव्हा अक्षरांना माणसाचं बोट लागू नये म्हणून चांदीचा छोटा हात ओळीवरून फिरवायचे. याद. पण मी बायकांच्या सज्ज्यातून बघायचे. तू खाली पप्पांच्या कोपराशी उभा असायचास. मी लांबून पाहिलं, तू हातात धरलंय, आणि आता तर इस्रायलमध्ये, अश्दोदला, हझान म्हणून तूच सगळ्यांपुढे उभा राहून वाचतोस.

फोटो सोबत आहेत. बघ आणि सांग, ही याद आहे का? थोरल्या बहिणीला तू उत्तर देशील असं मी गृहीत धरते आहे.

दीनानाथ म्हणतो, "याद आली म्हणून यादेबद्दल लिहितेस होय?" असले विनोद मी लग्नापासून ऐकतेय.

तुझी बाय,
मझल


पिनर, १४ मे २००६

प्रिय आशेर,

तुझं पत्र मिळालं. तीन पानं! त्यात माझ्याबद्दल एक शब्द नाही, पण अक्षर अजून तसंच आहे, 'झ'चं शेपूट ओळीखाली लोंबणारं. मी शिकवलेलं आहे ते.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. हात उजवाच आहे. मी भिंगातून बघितलं, दीनानाथने बघितलं, आपापला उजवा हात शेजारी धरूनही बघितलं. अक्षरं कुठेही नाहीत. बाहीचं टोक चपटं आहे. मला वाटतं दांडा तिथे तुटला असावा, कारण तू म्हणतोस तसा यादेला वीतभर दांडा हवाच.

तुझं ते पान मी दीनानाथला मोठ्याने वाचून दाखवलं. सातशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजाने इथल्या सगळ्या यहुद्यांना देशाबाहेर काढलं. तू लिहितोस, "बाय, विचार कर. घाईघाईने निघालेल्या कोणीतरी सेफर पाठीला बांधला असेल आणि याद वाटेत पडली असेल." ती ओळ मी दोनदा वाचली, कबूल करते. आणि मध्येच तू 'बाय' लिहून गेलास, ते तुझ्या लक्षात आलं नसेल. मी खोडायला सांगणार नाही.

पण "म्युझियमच्या हाती देऊ नकोस" हे चालणार नाही. इथे कायदा आहे. तीनशे वर्षांपेक्षा जुनी चांदी सापडली तर कळवावं लागतं. मी मंगळवारीच नेऊन दाखवली. तिथे सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारी फिलिपा नावाची मुलगी आहे. नखांत माती असते तिच्या, मला आवडली. मी याद म्हटल्यावर तिने डोळे मोठे केले. म्हणाली, "मिसेस गोरे, असं काही आमच्याकडे कधीच आलेलं नाही. मी लंडनच्या तज्ज्ञांना विचारते. पण तोवर कोणाला सांगू नका."

मी कोणाला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

मझल


पिनर, ११ जून २००६

आशेर,

तू सगळ्यांना सांगितलंस!

शनिवारी, शाब्बाथच्या प्रार्थनेत, सेफर पेटीत ठेवल्यावर, सगळ्या मंडळींसमोर! आणि आता अश्दोदची निम्मी मंडळी विचारतेय की हझानसाहेब लंडनला कधी निघणार. तू येतोस म्हणतोस, ऑगस्टमध्ये. ये. पस्तीस वर्षं तुझ्यासाठी खोली आहे. मधली काही वर्षं तिच्यात इस्त्रीचं टेबल होतं, तेवढंच.

पण 'स्टॅनमोरला कोणा ओळखीच्यांकडे किंवा हॉटेलात उतरेन' हे काय? तुझ्या जेवणाचा प्रश्न असेल तर माझ्या घरात डुकराचं मांस कधी आलं नाही, मटण आणि दूध एका ताटात कधी आलं नाही. तुझ्यासाठी नवी पातेली आणीन, ती तू स्वतः उघड. आणि प्रश्न दीनानाथचा असेल तर तसं लिही, जेवणाच्या आड लपू नकोस.

पप्पा त्याच्याबरोबर याच घरात तीन महिने राहिले होते, तुला माहीत आहे. लग्नानंतर चौथ्या वर्षी. पहिल्या दिवशी वर्तमानपत्राआड बसून होते. दुसऱ्या दिवशी त्याने बोंबील आणून स्वतः साफ केले. तिसऱ्या दिवशी दोघं क्रिकेटवर भांडत होते. परत जाताना पप्पा मला म्हणाले, "पोरी, मला वाटलं होतं तू गेलीस. तू तर होतीस तिथेच आहेस." पप्पांचं मन वळलं. तू मात्र तेव्हा बावीस वर्षांचा होतास आणि अजून बावीसचाच आहेस.

तुझं पत्र वाचून दीनानाथ काय म्हणाला ते सांगते. "येऊ दे. हीथ्रोला मी जातो घ्यायला." मी म्हटलं, "तो तुझ्या गाडीत बसेल का?" तर म्हणाला, "ट्यूब रेल्वेने आणीन. ट्यूब काय माझी नाही."

तिकीट काढण्याआधी फिलिपाचं उत्तर येऊ दे, एवढं ऐक.

मझल


पिनर, ६ जुलै २००६

प्रिय आशेर,

आज दुपारी फिलिपाचा फोन आला. मी लगेच लिहायला बसले आहे आणि संध्याकाळी टपालपेटी उघडायच्या आत टाकणार आहे.

याद नाही.

पाइप ओढणारे लोक तंबाखू दाबायला वापरायचे ती वस्तू आहे. मला आधी पटलं नाही. मी बसने म्युझियमला गेले. तिने भिंगाखाली ठेवून दाखवलं आणि मग मीही नाही म्हणू शकले नाही. बाहीचं टोक तुटलेलं नाहीच. ते मुद्दाम चपटं केलेलं आहे, पाइपच्या भांड्यात बसेल एवढं गोल, आणि त्याच्यावर जळल्याचा काळा थर आहे. चपट्या टोकाने तंबाखू दाबायची आणि सरळ बोटाने राख मोकळी करायची. असे दोन-तीन हात लंडनच्या संग्रहात आहेत, तिने त्यांचे फोटो काढून ठेवले होते. अडीचशे वर्षांपूर्वीचा कोणी जमीनदार असेल, शिकारीला निघाला असेल, खिशातून पडला. तीनशे वर्षं झालेली नाहीत, त्यामुळे सरकारलाही नको आहे. फिलिपाने तो माझ्या हातात परत दिला. बिचारी माझ्यापेक्षा जास्त खट्टू झाली होती.

घरी येऊन दीनानाथला सांगितलं. तो बराच वेळ तो हात बोटांत फिरवत बसला. मग म्हणाला, "मझल, आत्ता कळवू नकोस. येऊ दे त्याला. आल्यावर सांगू."

"म्हणजे फसवून आणायचं?"

"फसवून नाही. फक्त थोडं उशिरा."

"नाही," मी म्हटलं.

त्याने पुन्हा विचारलं नाही, पण तो नाराज झाला. त्याला हे फार हवं होतं, आशेर, का ते मी आज लिहीत नाही. मलाही हवं होतं. पण तू माझ्या दारात येऊन, हात पुढे करून "दाखव" म्हणणार आणि मी तुझ्या हातावर तंबाखूची दांडी ठेवणार, हे मला जमणार नाही. मी तुला लहानाचं मोठं केलं आहे. तुला मी औषधसुद्धा साखरेत लपवून कधी दिलं नाही, कडू आहे म्हणून सांगूनच दिलं.

आता तुला येण्याचं कारण उरलं नाही. तरी ये, असं मी म्हणते.

तुझी बाय,
मझल


पिनर, २० ऑगस्ट २००६

आशेर,

सहा आठवडे काही नाही, आणि मग हे पत्र.

तू लिहितोस, "एकदा परधर्मात लग्न करून तू मला समाजापुढे मान खाली घालायला लावलीस, आता हे दुसऱ्यांदा." शांतपणे वाचलं मी. पहिल्या वेळी मी लग्न केलं. दुसऱ्या वेळी मी शेतात खणलं. दोन्ही वेळा मी तुझ्याबद्दल बोलतच नव्हते. मंडळींसमोर उभा राहून तू बोललास, मी 'सांगू नकोस' म्हटलं असताना. लोक हसले असतील तर हसू दे. चार दिवस हसतील. माणूस चुकला म्हणून त्याचा आवाज बिघडत नाही, पुढच्या शाब्बाथला तूच वाचणार आहेस.

आणि मी हे सगळं तुला बोलवायला रचलं, हे मात्र मागे घे. मला तुला बोलवायचं असतं तर मी सरळ 'ये' म्हटलं असतं. जूनमध्ये म्हटलं, जुलैत म्हटलं. हे तिसऱ्यांदा. ये. दाखवायला काही नाही. आम्ही दोघं आहोत, एक रिकामी खोली आहे आणि मागे टोमॅटो लागलेत.

तू म्हणतोस मी बदलले. आशेर, मी दर शुक्रवारी दिवा लावते. नव्याच्या सणाला, आपल्या वर्षाच्या पहिल्या संध्याकाळी, मलिदा करते, पोहे गुळात कालवून, नारळ वर भुरभुरून. या घरात येऊन तू हे कधी पाहिलंच नाहीस, तर तुला कसं ठाऊक?

खाली दीनानाथला काही लिहायचं आहे म्हणे. मी पेन देते आणि स्वयंपाकघरात जाते. तो काय लिहितो ते मी वाचणार नाही, पाकीट तोच चिकटवणार आहे.

मझल

*

आशेरराव, नमस्कार.

आपण एकमेकांशी कधी बोललो नाही, त्यामुळे कसं सुरू करावं कळत नाही. थेटच लिहितो. २६ सप्टेंबरला माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. बायपास. मझलने तुम्हाला कळवलं नाही आणि कळवणारही नाही. तिचं म्हणणं, तुम्ही यायचं तर तिच्यासाठी यावं, कोणी आजारी आहे म्हणून नव्हे.

डॉक्टर चांगले आहेत, मला भीती नाही. निदान फार नाही. पण ऑपरेशनला पाच-सहा तास लागतात. तेवढा वेळ ती बाहेर बसलेली असेल. आम्हाला मूल नाही. शेजारीपाजारी येतील, पण त्यांच्याशी ती इंग्रजीत बोलेल, 'आय ॲम फाइन' म्हणेल. तिला त्या वेळी तिच्या भाषेत भांडायला कोणीतरी हवं. मी आत असेन.

तुमच्या सणाचे दिवस आहेत आणि तुम्ही त्या दिवसांत सगळ्यांपुढे उभे असता, हे मला ठाऊक आहे. म्हणून या असं म्हणत नाही. फक्त तारीख कळवली.

आपला,
दीनानाथ गोरे


पिनर, ५ नोव्हेंबर २००६

प्रिय आशेर,

बाहेर फटाके चालले आहेत. दिवाळीचे नाहीत, इथल्या इंग्रजांचे. दीनानाथ खिडकीशी बसून बघतो आहे. आज तो रस्त्याच्या टोकाच्या पोस्टापर्यंत चालत जाऊन आला, एकदाही न थांबता. टाके सुकले. आता त्याला मीठ कमी पडतं म्हणून तो कुरकुर करतो, म्हणजे बरा आहे.

तू गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणते आहे. जे घडलं ते तुला ठाऊक आहे, पण मला ते कसं दिसलं ते तुला ठाऊक नाही.

दारावरची बेल वाजली तेव्हा मला वाटलं दूधवाला. तू उभा होतास, एक बॅग, डोक्यावर पप्पांसारखीच टोपी, आणि केस सगळे पांढरे. तू "बाय, पाणी दे" म्हणालास. शालोम नाही, काही नाही. जसा शाळेतून यायचास. मी पाणी आणायला आत गेले आणि नळ सोडून तशीच उभी राहिले. तुला वाटलं मी ग्लास शोधतेय.

पहिले दोन दिवस तू त्याच्याशी बोलला नाहीस. "त्यांना विचार चहा हवा का," असं माझ्यामार्फत चाललं होतं, तो समोर बसलेला असताना! मी तोंड बंद ठेवलं. माझ्या आयुष्यातले सर्वांत कठीण दोन दिवस ते, ऑपरेशनच्या दिवसापेक्षा.

मग शुक्रवार आला. नव्याच्या सणाची संध्याकाळ. अश्दोदला मंडळी जमली असतील, तुझ्या जागी दुसरं कोणी उभं असेल, आणि तू माझ्या जेवणाच्या टेबलाशी होतास. मी दिवा लावला. दीनानाथने काळ्या मनुका भिजवून शरबत गाळून ठेवलं होतं, दर शुक्रवारी तोच करतो. मी पेला तुझ्यापुढे ठेवला. पण तू तो उचललाच नाहीस. दिव्याकडेच बघत होतास. मग दीनानाथला वाटलं की शरबतावरचा आशीर्वाद आता आपणच म्हणायचा. पस्तीस वर्षं माझं ऐकून त्याला सगळं पाठ आहे. त्याने पेला उचलला आणि आपल्या त्या पुणेरी ठसक्यात सुरू केलं. "बोरे परी हगाफेन."

"परी नव्हे हो," तू म्हणालास. "पेरी. पेरी हगाफेन. परी म्हणजे काय, पंखवाली?"

तुझ्या तोंडून त्याच्यासाठी निघालेले ते पहिले शब्द. चूक काढलीस. दीनानाथने अगदी शहाण्या मुलासारखं पुन्हा म्हटलं, "पेरी." तू मान डोलावलीस. मग तू त्याच्या हातातून पेला घेतलास आणि पूर्ण आशीर्वाद म्हटलास, पप्पांच्या चालीत. तो चाललेला असताना मी दीनानाथकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर मी रडले असते आणि तुम्ही दोघांनी मला गप्प करण्यात सण घालवला असता.

ऑपरेशनच्या दिवशी आपण त्या कॉरिडॉरमध्ये भांडलो, आठवतं? ठाण्याच्या घराला दोन खिडक्या होत्या की तीन. मी नर्स आहे, मला पाच तासांत काय काय बिघडू शकतं ते सगळं माहीत होतं, आणि तू मला खिडक्या मोजायला लावल्यास. तेव्हा मला वाटलं, याला काही समजत नाही. त्याने तुला पत्रात काय लिहिलं होतं ते मला परवा कळलं. त्यानेच सांगितलं. मी दोन तास त्याच्याशी बोलले नाही. नंतर मीच त्याच्यासाठी मीठ घालून आमटी केली, एकदाच.

आणि ऑपरेशननंतरच्या रविवारी तू म्हणालास, "चल, ते शेत तरी दाखव." तो चांदीचा हात तू बसमध्ये सबंध वाट मुठीत धरला होतास. शेताच्या कुंपणाशी तू तो उन्हात धरून बघितलास. म्हणालास, "बाय, काम सुरेख आहे. पण याने कोणी कधी काही वाचलं नाही." आणि हसलास. मग तूच तो मिस्टर पिगॉटना देऊन टाकलास. त्यांच्या शेतातला, त्यांच्या घरी. त्यांनी तो स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा केला आहे आणि कोणी आलं की सांगतात, इस्रायलहून एक धर्मगुरू खास हा बघायला आले होते. मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. फार चुकीचं नाही ते.

खिडक्या तीनच होत्या. एक पायखान्याची होती, ती तू मोजत नाहीस.

आता खरं ज्यासाठी पत्र लिहिते आहे ते. काल संध्याकाळी फोन वाजला. मी उचलला. लांबचा कॉल, आवाज उशिरा येत होता. मी "शालोम, आशेर" म्हटलं. मला वाटलं आता तू माझी विचारपूस करणार. गुडघा कसा आहे, झोप लागते का. मी खुर्ची ओढून बसलेसुद्धा.

तू म्हणालास, "बाय, तू नको. दीनानाथराव आहेत का घरात? त्यांना दे."

मी फोन त्याला दिला. अर्धा तास बोललात दोघं. काय बोललात ते त्याने मला सांगितलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते आणि तो मोठमोठ्याने हसत होता, टाक्यांवर हात धरून.

तुझी बाय,
मझल